आधी बांध, मग जोण

2025 च्या पावसाळी अधिवेशनात गोवा विधानसभेने गावाची जमीन सामायिक धरणाऱ्या कोमुनिदाद, म्हणजेच गांवकारी, या संस्थेच्या 1961 च्या संहितेत दुरुस्ती केली आणि 28 फेब्रुवारी 2014 पूर्वी कोमुनिदादींच्या जमिनीत उभी राहिलेली घरे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून जो वाद चालला आहे, त्यात आवाज चढले आहेत, पण मुद्दे जागचे हललेले नाहीत. एका पक्षाचे म्हणणे असे की, कोमुनिदाद हा सरंजामी काळाचा उरलेला सांगाडा आहे, मूठभर घराण्यांचा मक्ता आहे, त्याला एकदाची मूठमाती द्यावी आणि जमीन सरकारजमा करावी. दुसरा पक्ष सांगतो की, आम्ही गांवकार (कोमुनिदादींचे जन्माने ठरलेले सभासद) या भूमीचे मूळ धनी, सरकारला आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार नाही. दोघेही मालकीच्या प्रश्नावर तुटून पडले आहेत. या जमिनीची राखण कोण करत होते, आज कोण करते आणि उद्या कोण करणार, हे विचारायला कोणालाच सवड नाही. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. गांवकारी मोडीत काढू नये, पण आहे तशी गांवकारांच्या पदरात टाकूनही मोकळे होऊ नये. तिच्यावर पूर्वी जो भार होता तो पुन्हा तिच्यावर ठेवावा, आणि जो कोणी तो भार उचलेल त्याला, मग तो कोणत्याही वांगडाचा, म्हणजे गांवकार घराण्यांच्या गटाचा, असो वा नसो, पुरुष असो वा बाई, तिच्यात बसायला जागा द्यावी.

कोमुनिदाद हा शब्द पोर्तुगीज असल्यामुळे ती संस्थाही पोर्तुगीजांनीच आणली, असा समज शिकलेल्या माणसांतसुद्धा आढळतो. वस्तुस्थिती उलटी आहे. 1526 साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडी बेटातल्या गावांच्या चालीरीतींची सनद तयार केली, ती मुळात आधीपासून चालत आलेल्या व्यवहाराची नोंद होती. नव्या राज्यकर्त्याला सारा हवा होता आणि सारा कोणाकडून घ्यायचा हे ठाऊक नव्हते. त्या सनदेतच गांवकारांच्या उगमाची कथा येते की, फार पूर्वी चार माणसे ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली आणि गाव वसवले. कथा खरी की रचलेली, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. महत्त्व आहे ते त्यातल्या दाव्याला: हक्क कामातून आला, असे ती कथा सांगते. पुढे गांवकारीचा जमाखर्च ज्या क्रमाने चाले, त्यातही हाच दावा दिसतो. शेते पावणीत दिली जात, म्हणजे लिलावात; आलेल्या खंडातून आधी सरकारचा सारा, बांधांची डागडुजी, पाटांची उपसणी, देवकार्य आणि गावचे सेवक यांचा खर्च निघे; आणि हे सर्व भागून जे उरेल ते गांवकारांत जोण म्हणून वाटले जाई. तूट आली तर तीही वाटून घ्यायची. आधी बांध, मग जोण, असा तो क्रम होता. गोव्यात आज सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत आणि त्यांच्या नावाभोवती जे काही राजकारण चालते, ते सगळे या क्रमातला पहिला शब्द विसरून चालते.

बांध म्हणजे काय हे खाजनाच्या काठी न राहिलेल्या वाचकाला सांगायला हवे. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांतून समुद्राची भरती आत दूरवर येते. तिच्या पातळीच्या खाली असलेली हजारो हेक्टर जमीन पूर्वजांनी चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे यांच्या बांधांनी अडवून भाताखाली आणली, ती खाजने. बांधात ठरावीक जागी मानस असते: चिऱ्यांचे खांब आणि त्यांच्यात टांगलेली लाकडी दारे. भरती चढली की बाहेरचे पाणी दारांना रेटून ती बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्यांना ढकलून वाट काढते. यंत्र नाही, वीज नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिसवाडीतल्या एका गावात मी मानशीची राखण करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर बांधावरून चालत होतो. बोलता बोलता ते थांबले, वाकले आणि पाण्याच्या रेषेवर कुर्लीने पाडलेल्या मुठीएवढ्या भोकात कोपरापर्यंत हात घालून पाहू लागले. मग काठावरचा चिखल उचलून, त्यात पेंढ्याची वळी गुंडाळून त्यांनी ते भोक ठासून भरले आणि टाचेने दाबले. ‘हो बुराक आज धांपलो ना जाल्यार फाल्यां हांगा व्हाळ जातलो,’ ते म्हणाले; म्हणजे हे भोक आज बुजवले नाही तर उद्या इथे ओढा होईल. ही अतिशयोक्ती नव्हती. भरती दर साडेबारा तासांच्या सुमारास परत येते आणि प्रत्येक फेरीत फट रुंदावते. एकदा खारे पाणी शेतात भरले की पुढचे काही पावसाळे ते धुण्यातच जातात. कोरगुट भातासारखे खारटपणा सोसणारे वाणही तेवढ्या मिठात तग धरत नाही. म्हणून फुटलेला बांध पुढच्या भरतीच्या आत बुजवायला लागतो. त्या कामाला घरटी एक माणूस धावून येईल अशी व्यवस्था ज्या गावाकडे होती, त्या गावाची शेती टिकली. आज बांध फुटला तर अर्ज जातो, पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, निविदा निघते. समुद्र मात्र निविदेची मुदत पाळत नाही.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे पाहू, कारण ते टाळून जाणारा माणूस माझ्या मते गांवकारीचे काहीच भले करत नाही. खेड्याला ‘छोटे प्रजासत्ताक’ म्हणून गौरवण्याची सवय आपल्याला चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 साली लावली, आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी त्या गौरवाची सालटी काढली. स्थानिक अभिमानाचे, अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर, असे त्यांनी खेड्याचे वर्णन केले. गांवकारी या वर्णनातून सुटते का? सुटत नाही. गांवकार कोण, हे वांगडावरून, म्हणजे जन्माने ठरे. बांधाचा चिखल ज्यांनी पाठीवर वाहिला त्या गावडे-कुणबी समाजाला तिसवाडी, बार्देस, साष्टीच्या बहुतेक गांवकारीत मत नव्हते. गोव्यात सर्वांच्या आधी वस्ती करणाऱ्यांत त्यांचीच गणना होते, आणि 2003 साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, तेव्हा हे एका अर्थी सरकार दप्तरीही नोंदले गेले. मग ‘मूळ धनी’ या शब्दाचा अर्थ काय उरतो? केपे-काणकोणातल्या वेळीप गावांचा अपवाद सोडला, तर जुनेपणाच्या तराजूत गांवकारांचेच पारडे हलके ठरण्याचा धोका आहे. आणि बायकांचे काय? 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून गोव्यात मुलीला मिळकतीत मुलाइतका वाटा आहे. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की सारा देश गोव्याकडे बोट दाखवतो. त्याच गोव्यात जोण बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे जात नाही. मला दोन मुली आहेत, म्हणून हा मुद्दा मला जरा अधिक टोचतो, हे कबूल करतो.

दुसरा मुद्दा कुळांचा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने 1964 साली कूळ कायदा आणला आणि शशिकलाताई काकोडकरांच्या काळात 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याला जमीन दिली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बहुजन समाजाला त्या कायद्यांनी ताठ मानेने उभे केले. हे कायदे चुकले असे म्हणणाऱ्यांत मी नाही. परंतु न्याय्य कायदाही अर्धवट असू शकतो. शेत कुळाकडे गेले, खंड आटला, आणि ज्या उत्पन्नातून बांध राखला जात होता तो झराच बंद झाला. बांधांची जबाबदारी 1975 च्या नियमांनी कूळ संघांवर सोपवली गेली. कागदावर ही वाटणी सरळ दिसते. पण शेत हे एकट्याचे असू शकते आणि बांध कधीच एकट्याचा नसतो. शंभर शेतांमागे एक बांध असतो. शेताची मालकी शंभरांत वाटताना त्या एका बांधाची काळजीही शंभरांत वाटली जाईल, असे आपण गृहीत धरले. ती वाटली गेली नाही, सांडली.

पुढे काय झाले ते खाजनाकाठी राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मानशीतल्या मासळीची पावणी होते. ओहोटीला आतले पाणी बाहेर पडताना दारात लावलेल्या जाळ्यात सुंगटे, शेवटे, खेकडे अडकतात, आणि या मासळीचे मोल जसजसे वाढत गेले तसतशी पावणीची रक्कम भाताच्या उत्पन्नाला लाजवू लागली. पूर्वी मासळी ही शेतीची जोडकमाई होती. पाणी किती घ्यायचे, केव्हा सोडायचे हे भाताच्या गरजेवरून ठरे. उत्पन्नाचा तोल फिरला तसा हिशेबही फिरला: खारे पाणी आत राहिले तर मासळी वाढते, मग दारे नीट लावायची कशाला? काही ठिकाणी तर बांध आपोआप फुटला की फोडला गेला, याची कुजबूज गावोगावी ऐकू येते. एकदा शेतात खारफुटी रुजली की किनारी नियमन क्षेत्राचे नियम तिला संरक्षण देतात, आणि जे शेत होते ते शेत राहत नाही. 2011 च्या किनारी अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांची वेगळी दखल घेतली, त्यांच्या रक्षणाची भाषा केली, ते चांगलेच. पण अधिसूचना कुर्लीचे भोक बुजवत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की, हे सगळे पंचायतीने करावे. ती निवडून आलेली आहे, तिच्यात बायकांना आणि मागासांना राखीव जागा आहेत, 73 व्या घटनादुरुस्तीचा आणि 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याचा तिला आधार आहे; जन्माने ठरणाऱ्या गांवकारीपेक्षा ती लोकशाहीच्या कितीतरी जवळ आहे. हे सर्व मान्य. तरीही माझ्या दोन शंका आहेत. पंचायतीची हद्द माणसांच्या मोजणीवरून आखलेली आहे, पाण्याच्या वाटेवरून नव्हे; एकाच बांधाचे वरचे टोक एका प्रभागात आणि मानस दुसऱ्या पंचायतीत, असे घडू शकते. दुसरी शंका पैशाची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. पंचायतीच्या स्वतःच्या कमाईत घरपट्टी, बांधकाम परवाने, व्यवसाय परवाने यांचा वाटा मोठा. शेत शेतच राहिले तर पंचायतीच्या तिजोरीत काय पडते? त्याच शेतावर इमारत उठली तर काय पडते? जिची मिळकत बांधकामाने वाढते त्या संस्थेला पडीक पाणथळ जमिनीची राखणदार नेमणे, म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे. येथे माणसे वाईट आहेत असा माझा आरोप नाही. गांवकारीचे उत्पन्न भातातून येत होते म्हणून तिने भात राखले. पंचायतीचे उत्पन्न जेथून येते ते तीही राखील.

बाहेरच्या जगात याचे दाखले आहेत. बालीतल्या सुबक नावाच्या पाणी-संस्था देवळांच्या पंचांगाप्रमाणे भातशेतीला पाणी सोडत. 1970 च्या दशकात अधिक पिकाच्या आशेने सरकारने ते वेळापत्रक मोडून वर्षभर भात घ्यायला लावले. एकाच वेळी शेते पडीक राहण्याचा जो काळ होता तो संपला, किडी-उंदरांना बारमाही अन्न मिळाले आणि पिके बसली. अखेरीस जुन्या पंचांगाकडे परतावे लागले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच संस्थांच्या अभ्यासासाठी. सामायिक मालमत्ता नासते ती सामायिक असल्यामुळे, हे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडलेले मत सरसकट खरे नाही. नियम करणारे, वापरणारे आणि राखणारे एकच असतील तर ती शतकानुशतके टिकते, हे ऑस्ट्रॉम यांनी दाखवले. पण इतके दूर जायलाच हवे का? गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे गाव मराठी वाचकाच्या माहितीचे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या त्या गोंड गावाने 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, बांबू स्वतः विकायला सुरुवात केली आणि 2013 साली गावाची शेतजमीनही ग्रामदान कायद्याने ग्रामसभेच्या नावे केली. तिथल्या ग्रामसभेत गावातले प्रत्येक प्रौढ माणूस बसते, बाईसुद्धा, आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. सामूहिकतेचा जुना संस्कार आणि सभासदत्वाचा नवा नियम एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. आपल्या सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. रानजायफळाच्या पाणथळ झाडीचा तो दुर्मीळ तुकडा लोकांनी देवाच्या नावाने राखला, कोणत्याही खात्याचा फलक लागण्याच्या कितीतरी आधी. तेथे कोमुनिदादीचे दप्तर नव्हते. तेथे कुऱ्हाड न चालवण्याची रीत होती, आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारणारे शेजारी होते.

आता गांवकारांकडे वळतो, कारण पहिल्या पक्षाला जितके सुनावले तितके यांनाही सुनावणे प्राप्त आहे. ‘आमच्या जमिनी आम्हाला द्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण सभेला येतात? गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब झाल्याच्या नोटिसा कोमुनिदादींच्या दारांवर पिवळ्या पडतात. गांवकार मुंबईला, लिस्बनला, आखातात. जोण इतके क्षुल्लक की घ्यायला यायचे रिक्षाभाडेही सुटत नाही. पण भूखंड वाटायचा असेल त्या दिवशी मात्र कचेरीत उभे राहायला जागा नसते. ज्या संस्थेला शेतीतून उत्पन्न उरले नाही, तिच्याजवळ विकण्याजोगी एकच वस्तू राहिली, आणि काही ठिकाणच्या कारभाऱ्यांनी ती दोन्ही हातांनी विकली. कुंकळ्ळीच्या गांवकारांनी 1583 साली पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावापायी जे मोल मोजले, म्हणजे पुढाऱ्यांचे प्राण आणि नंतर गावाच्या जमिनींची जप्ती, त्याची आठवण आजचे गांवकार भाषणांत काढतात. ती काढण्याचा अधिकार भूखंडांच्या दलालीने सिद्ध होत नाही.

उरला घरांचा प्रश्न, आणि तेथे मी कठोर होऊ शकत नाही. तीस-चाळीस वर्षे एका खोलीत संसार केलेल्या कुटुंबाला उठवा असे सांगणे सोपे आहे, विशेषतः स्वतःच्या घराची कागदपत्रे चोख असलेल्याला. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे पैसे भरून घेऊन नियमित करण्याच्या प्रथेला खरमरीत विरोध केला, आणि भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीसारखे मोजकेच अपवाद मान्य केले, हे विसरता येणार नाही. गरीबाचे घर आणि सामायिक जमिनीत बांधून भाड्याने दिलेल्या खोल्या यांत कायद्याने फरक केलाच पाहिजे. खाजनात भराव टाकून उभे केलेले बांधकाम तर कोणत्याही तारखेच्या आधीचे असले तरी वेगळेच मोजले पाहिजे, कारण ते शेजारच्या पन्नास शेतांचे पाणी अडवते. आणि नियमित झालेल्या घरांपोटी कोमुनिदादीकडे जी रक्कम येईल ती जोण म्हणून वाटता येणार नाही, मानशीच्या पावणीचा ठरावीक हिस्सा आणि ही रक्कम मिळून बांधांचा निधी होईल, आणि त्या निधीचा कारभार गांवकार, कुळे आणि त्या बांधामागे राहणारी सर्व प्रौढ माणसे मिळून करतील, असे एक कलम संहितेत घालायला काय हरकत आहे? बांधाच्या वार्षिक कामात जो अंग मोडून किंवा पैसे देऊन वाटा उचलेल त्याला त्या सभेत मत, आणि तीन वर्षे जो फिरकणार नाही त्याचे मत स्थगित, मग तो पहिल्या वांगडाचा पहिला गांवकार असला तरी. यामुळे जमिनीच्या मालकीचा खटला सुटणार नाही, हे मला कळते. तो न्यायालयात चालत राहील. भरती तोवर थांबणार नाही.

यासाठी नवे खाते नको, नवे महामंडळ तर नकोच. ज्या संहितेत 2025 साली एक दुरुस्ती झाली तिच्यातच आणखी एक पुरेल. मात्र बांधावर माती चढवण्याचे काम उन्हाळ्यातच होते, आणि पावसाळी अधिवेशन भरते तोवर भरतीच्या पाण्याला पावसाचे पाणीही येऊन मिळालेले असते. म्हणून ही दुरुस्ती अर्थसंकल्पी अधिवेशनात आली तर बरे.